माउंटिंग

जुनं इंजिन चेनपुलीनं उचललं तेव्हा
स्पीडबोट चार बोटं वर आली.
बामणोलीच्या धक्क्यावर, भर उन्हात,
दस्तगीरनं साताऱ्याहून आणलेली दोन खोकी फोडली.

एकात मऊ रबर, नखानं दाबलं की आत जाणारं.
दुसऱ्यात कडक. नखच दुमडतं.

"नवं इंजिन हलकं, पण ताकद दुप्पट," तो म्हणाला.
"मऊ टाकलं तर पर्यटक खूश, चहा सांडायचा नाही.
पण एकदम रेस दिलीस की इंजिन उडी मारणार,
शाफ्टची लाइन हलणार.
कडक टाकलं तर जागचं हलायचं नाही,
फक्त थरथर सगळी बोटीच्या अंगात उतरेल."

मी मऊकडे हात नेला.
पर्यटक माझे. हप्तेही माझेच.

तात्या सकपाळ बाजूला बिडी विझवत बसलेले.
एकतीस वर्षं त्या जुन्या धुडाशेजारी काढून
दोन्ही कान गेलेत त्यांचे.
आमचं बोलणं त्यांना कुठलं कळायला.
पण खोकी दिसत होती.
उठले, चप्पल काढली,
इंजिनाच्या रिकाम्या जागेत अनवाणी उभे राहिले
आणि तळव्याकडं बोट दाखवत म्हणाले, जरा मोठ्यानंच,
"मला हितनं ऐकू येतं."

दस्तगीरनं पाना उचलला.
कुठलं खोकं, ते विचारलंच नाही त्यानं.

आता तापोळ्याला जाताना
चहा मी अर्धाच कप भरतो.