मे महिन्यातलं प्रॅक्टिकल

चोपड्याला नळ कोरडे, तरी तास झालाच.
उखर्डूभाऊंनी मोरचूद तापवला.
निळा गेला, बशीत पांढरी भुकटी.
"पानी गयं, रंग गया," ते म्हणाले.

मी फळ्यावर पाच सारख्या रेघा ओढल्या.
पाण्याचे रेणू भोवती जमले की
त्या फुटतात: तीन खाली, दोन वर.
खाली बसणाऱ्याची थोडी बचत;
वर उडी मारायची तर
प्रकाशातून काही उचलावं लागतं.
उरतो तो रंग.

"मग जस्ताला का नाही, मॅडम?"
मागच्या बाकावरून हुरमत तडवी.
सगळ्या जागा भरलेल्या, म्हटलं.
उडी नाही. बचतही शून्य.

तोवर उखर्डूभाऊंनी
आपल्या पिण्याच्या तांब्यातले
चार थेंब भुकटीवर सोडले.
गार झालेली बशी
त्यांच्या तळहातावर पुन्हा तापली,
निळी होत.