नाक माझ्याकडे

सकाळी साडेसहाला मखमलाबादच्या पलीकडे
वारा अजून उठलेला नसतो.
रामशेज अर्धाच दिसतो, वरचा.
पिंगळ्यांच्या उपटलेल्या द्राक्षबागेत,
जिथे लोखंडी अँगल विकून टाकल्यावर
ओळीने फक्त खड्डे उरलेत,
मी दीड किलोचं हेलिकॉप्टर मातीवर ठेवतो
आणि पंधरा पावलं मागे येतो. मोजून.

त्याच्या पायांना बांबूच्या दोन काड्या, फुलीसारख्या,
टोकांना प्लास्टिकचे चार चेंडू.
पांगुळगाडाच तो.
तेहसीनने बांधून दिला. वय एकोणीस,
वडाळ्याहून स्कूटीवर येते,
एरवी बागांवर फवारणारे ड्रोन दुरुस्त करते.
"काका, मनगट नाही. अंगठे. नुसते अंगठे."

एकतीस वर्षं मी ओझरला रिवेट मारले.
शेपटीचा विभाग.
विमान आमच्याकडे यायचं ते पाठमोरं,
जायचं तेही पाठमोरं,
तोंड दुसऱ्या कुणाच्या तरी शॉपमध्ये.
पहिली काही वर्षं आवाज आला की
डबा उघडा टाकून बाहेर धावायचो.
नंतर डबा संपवायचो.

पहिल्या आठवड्यात ते उडालं नाही, सरपटलं.
दुसऱ्यात वीतभर उठलं
आणि स्वतःच्याच वाऱ्यावर निसटलं,
ओल्या ताटात वाटी फिरते तसं.
तिसऱ्यात पाती मोडली.
चौथ्यात पाती, आणि शेपटीचा दांडा.
(तो मी तासाभरात बसवला. तेहसीन बघत राहिली.
तेवढं एक येतं मला.)
घरी कुमुद विचारते, "आज कितीचं पडलं?"
आणि भाजीच्या वहीत
कोथिंबिरीच्या खाली लिहिते:
पाती, जोडी एक, साडेआठशे.

मग एका सकाळी ते राहिलं.
डोक्याएवढ्या उंचीवर, शेपटी माझ्याकडे,
बॅटरी संपेपर्यंत तिथेच.
लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, टांगलंय.
माझे अंगठे मात्र एक क्षण थांबले नव्हते.
एका जागी राहायला एवढं काम पडतं
हे मला निवृत्तीनंतर कळलं.

"छान," तेहसीन म्हणाली. "आता वळवा.
नाक तुमच्याकडे."

इथून सगळं उलटं.
माझं डावं ते त्याचं उजवं.
सावरायला जावं तर आणखी ढकललं जातं.
पाठमोरं असताना जे हाताला कळत होतं
ते समोर आल्याबरोबर परकं.
तीन वेळा मातीत घातलं.
चौथ्यांदा उचललंच नाही, नुसता पुसत बसलो.

तिने दोन चेंडूंमधली काडी सरळ केली,
म्हणाली, "डावं-उजवं विसरा ना.
ज्या बाजूला कलतंय, त्याच बाजूला काठी न्या.
टेकू देतो ना आपण, तसं."

टेकू. हा शब्द मला कारखान्यापासून ओळखीचा.

पाचव्यांदा.
उठलं, थरथरलं, हळूच वळलं.
पिवळं नाक, त्यावर मागच्या पडण्याचा ओरखडा,
काळी काच.
काचेत मी दिसलो वगैरे नाही,
तेवढं जवळ नव्हतं ते.
डावीकडे कललं, मी डावीकडे टेकू दिला.
उजवीकडे. टेकू.
तेवढ्यात गांधीनगरहून निघालेलं खरंखुरं एक
डोक्यावरून धडधडत गेलं.
तेहसीनने मान वर केली, कोपऱ्यातल्या कुत्र्यानेही.
मी नाही केली.

"अकरा," ती म्हणाली. "अकरा सेकंद, काका!"

मग वाऱ्याची पहिली झुळूक आली
आणि ते एका अंगावर, जरा जोरातच, उतरलं.
पाती शाबूत. दांडा शाबूत.
चेंडू एक फुटला.

वहीत लिहावं लागेल.