कोळमीतली टाच

खाटेवरून उतरताना आधी भिंत शोधतो.
मग उजवा पाय. मग श्वास.
डावी टाच भुईला टेकली की
आतून कुणीतरी खिळा ठोकतं.
न्हाणीपर्यंत अकरा पावलं.
सातव्यापासून ती जरा ऐकते,
मग दिवसभर भलत्याच वेळी
आठवण करून देते.

घरात प्रत्येकाचं निदान तयार.
शांबा म्हणाला, हाड वाढलंय.
वयनी म्हणाली, वात. कढत मीठ बांध.
बांधलं. मीठ ओलं झालं,
टाच तीच.

वाळपईच्या इस्पितळात
मास्कारेन्हस डॉक्टरबाईने
पाय सरळ मांडीवर घेतला.
सव्वीस वर्षं बोंडू तुडवलेला पाय,
डिंकाने काळवंडलेला.
असा कुणी हातात धरला नव्हता कधी.
अंगठा मागे वळवून तिने दाबलं.
"इथंच ना?"
मी बाकड्याची कड धरली.

हाड नव्हे, म्हणाली.
टाचेपासून बोटांपर्यंत एक पट्टा असतो,
होडीच्या दोरासारखा.
उभं राहून राहून उसवतो,
रात्री आखडून झोपतो,
आणि पहिल्या पावलाला
तुम्ही त्याला फाडून उठवता.

हे लगेच पटलं.
माझी आई मला तसंच उठवायची.

गोळ्या थोड्या, कामं फार:
उठण्याआधी पंचा तळव्याला अडकवून ओढायचा.
भिंतीला हात, मागचा गुडघा ताठ,
टाच उचलायची नाही, तीस आकडे.
गोठवलेली बाटली पायाखाली लाटायची.
घरातसुद्धा चप्पल.
"आणि कोळमीत?"
"अनवाणी? दगडावर? किती तास?"
मी किती ते सांगितलं नाही.
तिनेही पुन्हा विचारलं नाही.

यंदा सुकांती उतरली कोळमीत.
मी स्टुलावर. निरो मोजतो,
"आपटू नको गो, हळू" ओरडतो,
ती ऐकत नाही, बोंडवांचा रस उडतो
तिच्या पोटरीवर, माझ्या वहीवर.
पायाखाली बाटली फिरते आहे,
गेल्या साली हुर्राक होता तिच्यात,
आता नुसतं बर्फ.
शांबा बघून हसतो.
हसू दे. त्याच्या टाचेला अजून वेळ आहे.

महिने लागतील, म्हणाली होती.
मी कॅलेंडरवर खुणा करायचं सोडून दिलं.
परवा न्हाणीत पोचलो,
तांब्या हातात घेतला, तेव्हा ध्यानात आलं,
पावलं मोजलीच नव्हती.

कुणाला सांगितलं नाही.
टाच ऐकत असते.