कंटिन्युइटीची वही

माझं काम एवढंच होतं:
कालच्या शॉटात पदर कुठे होता ते आज सांगायचं.
बांगड्या किती, कुंकू कुठवर फिसकटलेलं,
दुधाचा पेला कितपत रिकामा.
एकवीस चित्रपट, सत्तावीस वह्या,
आणि बहुतेक पानांवर ती.

पडद्यावर कालिंदी. नुसतीच.
यमुना पोटफोडे हे नाव पोस्टरवर कसं दिसेल,
म्हणून निर्मात्याने चहा संपायच्या आत बदललं.
"नदी तीच आहे," ती मला म्हणाली,
"घाट बदलला."

वही नववी, शॉट त्रेपन्न:
डोळा ओला, फक्त उजवा.
शॉटआधी मधल्या बोटाने चौकटीवर पाच ठोके,
थांबून एक मोकळा.
हे कॅमेऱ्यात येत नव्हतं, लिहायची गरज नव्हती.
पण दर वेळी होतं,
म्हणून लिहीत गेले.

त्याच शॉटने तिला पुरस्कार दिला.
परीक्षक म्हणाले, मौनाचं सामर्थ्य.
ती वाक्य विसरली होती.
तेवढं मी वहीत घेतलं नाही.

मुंबईहून उतरलो ते थेट तांबट आळीत.
रिक्षात बाहुली माझ्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेली.
तिचे वडील खरवईवर बंब घडवत होते.
पाच ठोके तांब्यावर,
थांबून एक मोकळा.
वही माझ्या पिशवीत होती.
मी पिशवीचा बंद नुसता घट्ट धरला.

त्यांनी हात धोतराला पुसले,
बाहुली उलटी केली, नखाने टिचकी मारली,
कानाशी धरली बराच वेळ.
"ओतीव आहे. ठोकीव नाही."
मग तिच्याकडे न बघता,
"बरी आहे. ठेव."

पुढे आई झाली, सासू झाली,
एका मालिकेत आठ महिने कोमात होती,
आणि शेवटच्या चित्रपटात तर भिंतीवर,
हार घातलेला फोटो.
त्याचेही पैसे तिने मोजून घेतले.

परवा बालगंधर्वला जीवनगौरव.
विंगेत मी तिची पर्स धरून उभी,
शाल, श्रीफळ, निवेदिकेची लांबण.
तिचं बोट विंगेच्या लाकडावर,
एक, दोन, तीन, चार, पाच,
आणि तेवढ्यात नाव पुकारलं.
गेली ती उजेडात.

वह्या मी कधीच माळ्यावर टाकल्यात.
घरी येऊन पासच्या पाठीवर लिहिलं,
तारीख, साडीचा रंग, आणि खाली:
पाच झाले. मोकळा राहिला.