सत्तावन्न नंबरचा वाल

नवतपा सुरू होता. कूलर नुसताच ओरडत होता.
चौसष्टातून उरलेले अकरा वाल
मी टेबलावर पाकिटापाकिटानं मांडले.
डांबरगोळ्यांचा वास, अमरावती रोडवरचे ट्रक,
आणि सुकवाराबाई सयाम चष्मा कपाळावर ढकलून म्हणाल्या,
"तुमचा हा पयल्या नंबरवाला
चार शिट्ट्यांतही शिजत नाई बाप्पा."

हिंगण्याच्या बरडीवर तो सगळ्यांच्या पुढे होता.
ऑक्टोबरच्या उन्हात, दगडांमध्ये, हिरवागार,
जसं काही कुणी रात्री येऊन त्याला पाणी देतंय.
भिवापूरच्या कन्हारीत मात्र
पाय ओले झाले न झाले की पानं पिवळी.
आणि मौद्याला, धानाच्या पारीवर,
माव्यानं त्याला असा खाल्ला
की शेंगा मोजायला मी वाकलोच नाही.

अठ्ठावीस दाण्याला देखणा.
कॉटन मार्केटचा दलाल मूठ उघडेना.
पण शेंग तडकते;
सकाळी तोडू म्हणावं, तर पहाटेच मातीत.

उत्पन्नाला चार, रोगाला तीन,
शिजण्याला दोन, रंगाला एक:
ही वजनं मीच ठरवली होती,
लाईट गेलेल्या एका रात्री, मेणबत्तीवर.
पुढे तीन वर्षं
ती वरून आल्यासारखी पाळली.

बेरजेत सत्तावन्न वर येतो.
कुठेच पहिला नाही.
हिंगण्यात चौथा, भिवापुरात तिसरा, मौद्यात पाचवा.
दाणा मध्यम, रंग मातकट,
शिजतो, पण उठून कुणाला सांगावं असं काही नाही.
वर्गात असे दोघंतिघं असायचे,
हजेरीपुरते आठवणारे.
मी त्यांतलाच.
म्हणून वही मिटली, पुन्हा उघडली,
पुन्हा बेरीज केली.
तेवढीच आली.

"अन् हा?"
त्यांनी टोपलीतून एक पाकीट उचललं.
एकोणचाळीस. बाद.
वेल बारा हात चढतो, मांडव मागतो,
जानेवारीशिवाय फुलत नाही, शेंगेला जांभळी कड.
याला जागा नाही, मी म्हणालो.
"नाई कशी? वाडीले माह्या घरामागं
नळाचं पाणी सांडते, तारेचं कुंपण हाये,
अन् घाई त कोणालेच नाई."

मी फॉर्मवर सत्तावन्न लिहिलं. सही केली.
पाकीट त्यांच्या पिशवीत गेलं तेव्हा
कूलरमध्ये पाणी आहे का ते बघत होतो.
नोंदवहीत अजून आहे ते: एकोणचाळीस, बावीस ग्रॅम, शिल्लक.

फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनी डबा आणला.
जांभळट रस्सा, वर सांबार, दाणे अख्खे
आणि जिभेखाली लोण्यासारखे.
दुसऱ्यांदा वाढून घेताना
सवयीनं घड्याळाकडे हात गेला.
किती मिनिटं लागली शिजायला?

"आता ते बी मोजाचं काय जी?"
म्हणत त्यांनी झाकण लावलं
आणि यंदाच्या पाकिटांवर नंबर टाकायला बसल्या,
एकपासून.