कळ

"ही कळ दाबली की जिल्हा उघडतो," मी म्हटलं.
मा-सेपिसोने कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला.
नामुलोलाच्या दवाखान्याच्या ओट्यावर आम्ही दोघी,
मधे मोंगूहून आलेला टॅब्लेट,
काचेवर कुणाच्या तरी मासळीच्या बोटाचा ठसा.

गडद लाल तिथे बाळंतिणी जास्त जातात,
फिकट तिथे कमी.
हिरवे ठिपके दवाखाने, भोवतीचा गोल म्हणजे चालत दोन तास.
पट्टी डावीकडे सरकवली की वर्षं मागे जातात
आणि लाल रंग ओल्या कापडावर पसरावा तसा पसरतो.
प्रशिक्षणाच्या तीन दिवसांत मला हे सगळं तोंडपाठ झालं होतं.

"चालत?" ती म्हणाली. "एप्रिलात?
पाण्यावरून चालणारा एकच होऊन गेला म्हणतात चर्चमध्ये,
आणि त्याला कळा येत नव्हत्या."

मग आपलं गाव दाखवायला तिने बोट टेकवलं,
दोनदा, हलकेच, पोट तपासताना टेकवते तसं.
नकाशा फुगला.
जिल्हा काठाबाहेर गेला, नदी गेली,
उरला एक करडा चौकोन
आणि त्यात दोन शब्द.
"काय लिहिलंय?"
"माहिती नाही."
"तुला माहिती नाही?"
"तसं नाही. तेच लिहिलंय. माहिती नाही."
"बत्तीस वर्षं मी इथे बसलेय," ती म्हणाली.
"विचारायचं की."

मी फॉर्म उघडला.
मुयुंडाची बायको. पहिलटकरीण.
दिवस भरले तेव्हा गवताची नुसती टोकं पाण्यावर होती.
फॉर्मला तारीख हवी होती, टोकं चालत नव्हती.
होडी लव्हाळ्यात अडली, तीही अडली,
पहाटे मूल आलं, वार पडली नाही.
वार कुठला, तो रकाना मी रिकामा सोडला.
मग नासिलेले, जुळ्यांची आई.
मग कुतोमाची बहीण, जिचं नाव घेताना ती थांबली
इतकी, की टॅब्लेटचा उजेड आपोआप विझला.
मी बोटाने तो पुन्हा जागा केला.
एकोणीस झाल्या. विसावी सांगून तिने परत घेतली,
"नको, ती नदीपलीकडची. तिला तिकडचे मोजू देत."

रविवारी टेकाडावर चढून मी सिग्नल पकडला.
आमचा चौकोन करड्याचा थेट लाल झाला,
सबंध जिल्ह्यात सर्वांत गडद.
सोमवारी मोंगूहून फोन.
"तुमच्याकडे अचानक काय झालं?"
"काही झालेलं नाही, साहेब. विचारलं, इतकंच."
पलीकडे बराच वेळ टेबलावर पेन आपटल्याचा आवाज.
मग म्हणाले, आकडे पुन्हा तपासा.

मा-सेपिसोला लाल चौकोन दाखवताना मला भीती होती.
तिने चष्मा पुसून पाहिलं.
"दिसतोय आता," म्हणाली. "लांबूनसुद्धा."
आणि विचारलं, वर्षं सरकतात तसे महिने कधी सरकतील,
इंजिनाची होडी मागायची कळ यात कुठेय,
आणि ज्या जगल्या
त्यांना कुठला रंग.

मी प्रशिक्षणाची वही उगाच चाळली.

तेवढ्यात नामासिकू आली,
रात्री जन्मली म्हणून नामासिकू, तीही होडीतच,
आता सहा वर्षांची, हाताला आंब्याचा चीक.
कुणी न शिकवता दोन बोटांच्या चिमटीत
ती नकाशा लहान लहान करत गेली,
चौकोनाचा ठिपका, ठिपक्याचं काहीच नाही,
सगळा देश तळहाताएवढा.

"यात पाणी कुठेय?"

"तेच," मा-सेपिसो म्हणाली,
आणि तिला मांडीवर घ्यायला सरकून बसली.