नमुना सही

पिवळा त्रिकोण, आत उद्गारचिन्ह.
खाली: ही पॅकेजं कुणी पाठवली याची खात्री पटत नाही.
तरीही बसवायची?
आणि 'नाही' आधीच निवडून ठेवलेलं,
जसं आमच्या हेडक्लार्कचं असायचं.

एकतीस वर्षं मी हेच केलं
दांडिया बाजारच्या शाखेत.
डावीकडे पत्र्याच्या ट्रेमध्ये नमुन्याची कार्डं,
उजवीकडे चेक.
देशमुखांच्या 'श'ची गाठ,
पारेखशेठचा नुसता फटकारा, त्याखाली दोन टिंबं.
एक टिंब कमी असलं की निळी पेन्सिल:
सही जुळत नाही.
माणूस बघायचा नाही, सही बघायची,
असं दिघे शिकवून गेले होते.

हे मशीन निमिषनं उभं करून दिलं,
बहिणीचा नातू.
जाताना म्हणाला, मामाआजोबा,
विचारलं तर डोळे मिटून हो म्हणू नका.
मी कुठला म्हणतोय.

मंगळवारी पैसे काढायला गेलो.
काउंटरवरच्या हिरलनं स्लिप उलटी केली, सुलटी केली,
"अंकल, सही मॅच नथी थती."
तिच्या पडद्यावर माझं एकोणऐंशी सालचं कार्ड.
सही माझीच होती.
ज्या हातानं केली तो हात
आता माझ्याकडे नाही.
बरोबर आहे तुझं, म्हणालो,
आणि खरं सांगतो, थोडा अभिमानही वाटला पोरीचा.

रात्री निमिषचा फोन लागेना.
मग चष्मा पुसून
सगळ्या ओळी वाचल्या, लेजर वाचतात तशा.
चौदाव्या ओळीत सापडलं:
ही सही पुढच्या काळातली आहे.
म्हणजे? अजून झालेलीच नाही?
कोपऱ्यात तारीख पाहिली.
एक जानेवारी, दोन हजार नऊ.

हसू आलं.
किल्ल्या खऱ्या, सह्या खऱ्या, पाठवणारे खरे,
हाच एकटा मागे बसून
सगळ्यांना खोटं ठरवत होता.
त्याच्या तारखेला, म्हटलं,
माझी सही जुळली असती.

डबा उघडला. धूळ, आणि जुन्या रुपयाएवढा एक सेल.
रावपुऱ्यात जशुभाईंनी मीटर लावला,
"मरी गयो छे," म्हणाले,
घड्याळवाले अशी बातमी आवाज न चढवता देतात.
तीस रुपये.

तारीख लावली. पुन्हा चालवलं.
ओळी सरकू लागल्या, एकेक पास,
महिनाअखेरीच्या गर्दीत शिक्का पडावा तशा.

एक तेवढं अडलं.
मोडीचा फॉन्ट.
ज्यानं केला त्याच्या किल्लीची मुदत
तीन वर्षांपूर्वी संपलेली, त्यानं वाढवली नाही.
विसरला असेल.
कंटाळला असेल.
किंवा वाढवायला तो

सुलभाबाई कारखानीस आठवल्या.
एक्याण्णवचा मे. उजवी बाजू गेलेली,
डाव्या हातानं सही करून आणली होती,
ओळीवरून घसरलेली.
सोसायटीत आमच्या वरच राहायच्या,
त्यांच्या लोणच्याची बरणी तेव्हा माझ्या घरात होती.
मी निळी पेन्सिल उचलली.
त्या काही बोलल्या नाहीत.
अर्धा तास बाकावर बसून राहिल्या, मग उन्हात गेल्या.

नियम चुकीचा नव्हता.
मी उठून खिडकीबाहेर यायला हवं होतं, इतकंच.

आत्ताही 'नाही'च दाबलं.
पण निमिषला लिहून ठेवलं:
या माणसाचा पत्ता शोध. बरा आहे का विचार.
मोडी अजून कुणीतरी वाचतं म्हणावं.

उद्या बँकेत नवा नमुना द्यायचाय.
एका कार्डावर तीन चौकोन, तीन सह्या.
पाठकोऱ्या कागदावर सराव केला.
तिघी एकमेकींशी जुळत नाहीत.